व्होल्गाकाठची तालीम

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी दरवर्षी एका वस्तूवरून वाद होतो. ती वस्तू म्हणजे एक लोकरीचा गळपट्टा. अर्धा गडद निळा, अर्धा फिकट निळा, आणि कसर लागून तीन ठिकाणी भोके पडलेला. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, कोल्हापुरात लोकरीच्या गळपट्ट्याचे काम नाही. आणि असलेच तरी याच्यातून वारा आरपार जातो. दोन्ही मुद्दे बिनतोड आहेत. मी ते मान्य करतो आणि गळपट्टा पुन्हा ट्रंकेत ठेवतो.

यंदा वादात मुलगी पडली. म्हणाली, "बाबा, हा कुठल्या टीमचा?"

"रोटरचा. व्होल्गोग्राडच्या."

"त्यांनी काय काय जिंकलंय?"

प्रश्न साधा होता. पण मला त्याचे चटकन उत्तर देता येईना, आणि म्हणून हा लेख.

मी १९९४ साली वैद्यकी शिकायला व्होल्गोग्राडला गेलो. आबांनी उसाचे दोन एकर गहाण टाकून मला पाठवले होते. विमानातून उतरलो तेव्हा मला रशियन भाषेतले चार शब्द येत होते, आणि त्यांतला एक 'फुटबॉल' होता. कोल्हापूरच्या माणसाला एवढी पुंजी पुरते. बाहेरच्यांना आमची कुस्ती ठाऊक असते. पण ज्या तालमींत पैलवान घुमतात, त्याच तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पेठेपेठेतली सोयरीकसुद्धा तेवढ्यापुरती बाजूला ठेवावी लागते, हे पुण्यामुंबईच्या वाचकांना सांगूनही पटत नाही. संघ हरला की त्या रात्री आमच्या गल्लीत चुली उशिरा पेटत. तेव्हा परक्या मुलखात गेल्यावर मी आधी काय शोधले असेल, तर तिथली तालीम.

ती मला वसतिगृहाच्या दारातच भेटली. तिथे रशियन पद्धतीप्रमाणे दाराशी एक पहारेकरीण बसे. साठीची, डोक्याला रुमाल, हातात विणकामाच्या सुया, टेबलावर एक लहानसा टीव्ही. सारी मुले तिला 'बाबुश्का', म्हणजे आजी म्हणत. रात्री अकरानंतर येणाऱ्याला ती दारात उभे करून फैलावर घेई. मात्र "रोटरचा सामना बघत होतो" म्हटले की दार निमूट उघडे.

रोटरचा इतिहास मला या आजीने सांगितला. तो तिने तीन वर्षे हप्त्याहप्त्याने सांगितला. मी इथे एका दमात सांगतो.

तेव्हा त्या शहराचे नाव स्टॅलिनग्राड होते. व्होल्गेच्या काठी ट्रॅक्टरचा प्रचंड कारखाना उभा राहत होता. १९३०च्या जूनमध्ये तिथून पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पण ट्रॅक्टर बाहेर पडण्याआधीच, १९२९ साली, बांधकामावरच्या कामगारांचा फुटबॉल संघ बाहेर पडला होता! पुढे त्याचे नाव 'ट्रॅक्टर' पडले. १९३८ साली तो देशाच्या सर्वांत वरच्या वर्गात खेळू लागला आणि दुसऱ्याच वर्षी चौथा आला. मॉस्कोच्या बड्या संघांच्या पंक्तीला कारखान्याची पोरे जाऊन बसली. त्यांचा नामी गोलंदाज, म्हणजे आपल्या क्रिकेटमधला नव्हे, गोल मारणारा, अलेक्झांडर पोनोमार्योव हा होता. तो मूळचा दोनबासचा. हा मुलूख लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

मग युद्ध आले. २३ ऑगस्ट १९४२ला जर्मन विमानांनी शहर भाजून काढले, आणि त्याच दिवशी जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेला व्होल्गेपर्यंत पोचले. ट्रॅक्टरच्या कारखान्यात तेव्हा टी-३४ रणगाडे तयार होत होते. पुढे त्या कारखान्याच्या एकेका भिंतीसाठी माणसे मेली. २ फेब्रुवारी १९४३ला लढाई संपली तेव्हा शहर असे उरलेच नव्हते. नकाशावर नुसते नाव होते.

त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २ मे १९४३ला, त्या शहरात फुटबॉलचा सामना झाला.

मला हे प्रथम खरेच वाटेना. पण सामना झाला. त्याची नोंद आहे. शहराच्या दक्षिणेला बेकेतोव्का नावाचे उपनगर आहे. ते जर्मनांच्या हाती कधीच पडले नाही. जानेवारीच्या अखेरीस फील्डमार्शल पाउलुस शरण आला, तेव्हा त्याला तिथेच आणले होते. तिथल्या 'अझोत' मैदानावर मॉस्कोहून स्पार्टाक हा नामांकित संघ विमानाने आला. समोर 'दिनामो स्टॅलिनग्राड'. नाव दिनामोचे, पण खेळाडू बहुतेक जुन्या ट्रॅक्टरचेच, जे हयात होते आणि जे सापडले ते. म्हणतात की चेंडूसुद्धा एका लढाऊ विमानातून मैदानावर टाकला होता. स्टॅलिनग्राडने सामना एक-शून्य असा जिंकला. गोल मोइसेयेवने केला.

आजी बेकेतोव्काची. त्या दिवशी ती नऊ वर्षांची होती आणि मैदानावर होती. मी अधीरपणे विचारले, "गोल कसा झाला?"

"कोण जाणे," ती म्हणाली. "माझ्यापुढं एक उंच शिपाई उभा होता. मला गोल दिसलाच नाही."

"मग तुम्ही पाहिलंत काय?"

तिने सुया थांबवल्या. "पांढऱ्या रेघा. आमच्याकडं कुठंच काही सरळ उरलं नव्हतं बघ. भिंत नाही, रस्ता नाही, रूळ नाहीत. आणि कुणीतरी चुना मिळवून जमिनीवर सरळ रेघा मारल्या होत्या. मी सगळा वेळ त्याच बघत होते."

युद्धानंतर संघाचे बारसे इतक्या वेळा झाले की आजीलाही क्रम आठवत नसे. तोर्पेदो झाले, पुन्हा ट्रॅक्टर झाले, स्ताल झाले, बारिकादी झाले. १९६१ साली तर शहराचेच नाव बदलले. शेवटी १९७५पासून 'रोटर' हे नाव टिकले. रोटर म्हणजे यंत्राचा फिरणारा भाग. फिरतो पुष्कळ, पण जागा सोडत नाही. नाव ठेवणाऱ्याच्या जिभेवर तीळ असावा.

मी गेलो तो काळ रोटरचा सुगीचा होता. १९९३ साली रशियाच्या लीगमध्ये संघ दुसरा आला होता. १९९५च्या जूनमध्ये कपच्या अंतिम सामन्यात मॉस्कोच्या दिनामोशी शून्य-शून्य बरोबरी झाली आणि पेनल्टींवर रोटर ८-७ असा हरला. त्या वेळचा आमचा देव होता ओलेग वेरेतेन्निकोव. त्या एका वर्षात त्याने लीगमध्ये २५ गोल केले. रशियाच्या लीगमध्ये त्याचे एकूण १४३ गोल झाले आणि कितीतरी वर्षे तो आकडा कुणाला गाठता आला नाही. देशाच्या संघात मात्र त्याला जेमतेम चार सामने मिळाले. मॉस्कोत जन्मला असता तर, असे म्हणून आजी पुढचे वाक्य गिळून टाकी. हे 'असता तर' कोल्हापूरकराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच जूनमध्ये दुसरा एक पराभव झाला. मी शरीररचनाशास्त्रात नापास झालो. सप्टेंबरमध्ये फेरपरीक्षा दिली आणि पुन्हा नापास झालो. दोष सगळा माझा. भाषा कच्ची, अभ्यास त्याहून कच्चा. आता एकच संधी उरली होती. ती गेली की नाव कमी. मी आबांना पत्र लिहिले, "मला हे झेपत नाही, परत येतो, जमिनीचे काय ते मी फेडीन." कसे फेडीन ते लिहिले नव्हते, कारण ते मलाही ठाऊक नव्हते. पाकीट चिकटवले आणि सकाळच्या टपालात टाकायला आजीच्या टेबलावर ठेवले.

ती रात्र २६ सप्टेंबरची. रोटर मॅंचेस्टरला खेळत होता. युरोपच्या यूएफा कपात त्याची गाठ थेट मॅंचेस्टर युनायटेडशी पडली होती. आमच्याकडचा पहिला सामना शून्य-शून्य सुटला होता, आणि आता त्यांच्या घरी आमची चटणी होणार, असे सारे जग म्हणत होते. आजीच्या त्या लहान टीव्हीपुढे आम्ही पंधरा-वीस पोरे दाटीवाटीने बसलो. सोळाव्या मिनिटाला नीडरहाउसने गोल केला. चोविसाव्या मिनिटाला वेरेतेन्निकोवने दुसरा. वसतिगृह डोक्यावर घेतले आम्ही! पण दुसऱ्या डावात युनायटेडने एक फेडला. परक्या मैदानावरचे गोल बरोबरीत जड धरत, म्हणून त्यांना अजून दोन हवे होते. आजी उठून बाहेर अंधाऱ्या बोळात गेली. तिथूनच विचारी, "किती मिनिटं?" आम्ही ओरडून सांगत होतो. एकोणनव्वदाव्या मिनिटाला युनायटेडचा गोलरक्षक श्मायकेल स्वतः आमच्या गोलापाशी धावत आला आणि त्याने डोक्याने चेंडू आत मारला! दोन-दोन. उरलेली मिनिटे आम्ही श्वास कोंडून काढली. शिटी झाली. रोटर पुढच्या फेरीत गेला, युनायटेड बाहेर.

आजी आत आली. तिने टीव्ही बंद केला, सगळ्यांना झोपायला पिटाळले आणि मला तेवढे थांबवले. वाटले, आता उपदेश होणार. पत्रात काय आहे ते तिने माझ्या चेहऱ्यावर वाचले असणार. पण ती पाकीट पुढे करून म्हणाली, "तिकिटं कमी लावलीस. दर पुन्हा वाढलेत."

त्या वर्षांत रशियात सगळ्याच गोष्टींचे दर महिन्यामहिन्याला चढत होते. मी म्हटले, "उद्या लावतो."

दुसऱ्या दिवशी लावली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पुढे तेच पाकीट शरीररचनेच्या पुस्तकात खूण म्हणून राहिले. महिन्याभराने मी पास झालो. तेव्हा माझ्या डॉक्टर होण्याचे श्रेय रोटरचे की टपालाच्या दरवाढीचे, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. गळपट्टा त्या हिवाळ्यातला. आजीने तो त्याच टेबलाशी बसून विणला.

पुढच्या फेरीत बोर्दोने आम्हाला बाहेर काढले, हेही सांगितले पाहिजे. १९९६ साली रोटर तिसरा आला. १९९७च्या नोव्हेंबरात लीगचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर, समोर स्पार्टाक. जिंकलो तर रशियाचे अजिंक्यपद आमचे. १९४३मध्ये ज्यांना हरवले तेच पाहुणे! शहर मामायेव टेकडीच्या पायथ्याशी स्टेडियमवर लोटले. टेकडीवर तलवार उगारलेली मातृभूमीची ८५ मीटर उंच मूर्ती. तिच्याकडे बघून माणसे नवस बोलली असतील. स्पार्टाक दोन-शून्य जिंकला. परतताना आजी एवढेच म्हणाली, "आज माझ्यापुढं कुणी उंच नव्हता. सगळं दिसलं."

मग उतरंड. २००४ साली रोटर वरच्या वर्गातून घसरला आणि कर्जापायी पुढच्या वर्गात खेळायचा परवानाही मिळाला नाही. त्यानंतर संघ किती वेळा मोडला आणि किती वेळा पुन्हा जुळवला, ते हिशेबनीसच जाणोत. आजी तोवर गेली होती. एका मित्राच्या पत्रातून कळले. २०१८च्या विश्वचषकासाठी जुन्या स्टेडियमच्या जागी ४५,००० माणसांचे नवे स्टेडियम उभे राहिले. मी त्या जूनमध्ये मुद्दाम गेलो आणि तिकीट काढून जपान-पोलंडचा सामना पाहिला. खरे सांगायचे तर सगळा वेळ मी पांढऱ्या रेघाच बघत होतो. २०२० साली रोटर पुन्हा वरच्या वर्गात चढला, वर्षभरात खाली आला, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी खाली.

आणि २०२२च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली. रशियाच्या साऱ्या क्लबांना युरोपच्या स्पर्धा बंद झाल्या. पण ते दुःख त्यात लहानच. पोनोमार्योवचा दोनबास आठवतो ना? तो युक्रेनचा मुलूख. तिथली शहरे तोफांनी पाडल्याची छायाचित्रे मी पाहिली. भिंत नाही, रस्ता नाही, कुठेच काही सरळ नाही. ही ओळख मला एका म्हातारीने करून दिली होती. आणि या वेळी तोफा तिच्याच देशाच्या होत्या. ती असती तर काय म्हणाली असती? मला वाटते, ती गप्प बसली असती. पण तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही. मला एवढेच कळते की, त्या दिवसापासून तो गळपट्टा मी गळ्यात घातलेला नाही, आणि टाकूनही देववत नाही.

हे सगळे मी मुलीला सांगितले. तिने निमूट ऐकले. मग म्हणाली, "म्हणजे लीगचं अजिंक्यपद नाही, कपही नाही. जिंकलं काय?"

"एक सामना," मी म्हटले. "एक-शून्य."

तिने गळपट्ट्याची घडी घातली. सौभाग्यवती आतून डांबराच्या गोळ्या घेऊन आल्या आणि काही न बोलता चार गोळ्या घडीत ठेवल्या. यंदा वाद झाला नाही.