मानेवरचा मळ

दिवाळीची सुट्टी संपता संपता एक आई दहा वर्षांच्या मुलाला खोकल्यासाठी घेऊन आली. छाती तपासायला मी कॉलर खाली केली, तशी तीच ओशाळली. "डॉक्टर, उटणं लावून लावून घासली मान, पण मळ काही निघत नाही हो." मान लालबुंद झाली होती. त्यावरचा काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा मात्र तसाच. तो मळ नव्हताच. वाढत्या वजनामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, शरीर ते जास्त बनवू लागतं आणि त्याची खूण अशी मानेवर, काखेत उमटते. खोकला बाजूला ठेवून मी आधी त्याचं वजन आणि उंची मोजली.

आपल्याकडे अजूनही बाळसं म्हणजेच तब्येत. टंचाईचे दिवस काढलेल्या आजीला नातू भरलेला हवा असतो, त्यात तिचा दोष नाही. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात दिसलं, की आपल्या नवजात बाळांचं वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो, तरी कातडीखालची चरबी आपल्या बाळांत त्या मानानं फारशी कमी नाही. कमी पडतात ते स्नायू. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015च्या तक्त्यांत जास्त वजनाची रेषा प्रौढांच्या 25 बीएमआयऐवजी (उंचीच्या मानानं वजनाचं माप) 23शी जुळवली.

"किती किलो उतरवायचं?" आईनं विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. या वयात मूल वर्षाला पाचेक सेंटिमीटर वाढतं. त्याचं वजन फार पुढे गेलेलं नव्हतं. ते आहे तिथं धरून ठेवलं, तर बाकीचं काम उंची करणार होती. पोळी बंद करायची नाही, फराळाला मनाई नाही. बदल घरानं करायचा. दुधात दोन वेळा पडणारी पावडर आणि साखर थांबली. डब्यासोबतचं आंब्याचं पेय गेलं, पेरू आला. जेवताना मोबाइल नाही, बाबांचासुद्धा नाही. संध्याकाळी तासभर मैदान आणि साडेनऊला अंथरूण.

सगळ्यात अवघड निघाली ती एक हाक. घरात सगळे त्याला लाडानं 'जाड्या' म्हणत. पाहुण्यांसमोर त्याच्या ताटातली करंजी मोजली जाई, मग तो स्वयंपाकघरात जाऊन एकटा डबा उघडे. हे त्यानं मला खालच्या आवाजात सांगितलं, आई बाहेर गेल्यावर. अशी मुलं मी फार पाहिली आहेत. चेष्टेनं वजन उतरल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही.

दहा महिन्यांनी त्याचं वजन तेवढंच होतं, उंची चार सेंटिमीटरनं वाढली होती आणि मानेवरचा पट्टा फिकटला होता.

यंदा अभ्यंगस्नानाला मुलांना तेल लावाल, तेव्हा मानेवरून जरा सावकाश हात फिरवा. असा पट्टा दिसला तर घासू नका. रागावूही नका. मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.