उलटे आकडे आणि एक दाढ



आपल्या वर्गाच्या ताई गेली दोन सत्रं "पालकांपैकी कुणीतरी लिहा हो" म्हणून सांगत आहेत. दर वेळी मी बुटांच्या नाड्या बांधण्यात गढून जात असे. या वेळी मात्र मी आपणहून हात वर केला. कारण ताईंनी वर्गात शिकवलेली एक गोष्ट मला भलत्याच ठिकाणी उपयोगी पडली. ते ठिकाण म्हणजे दाताच्या डॉक्टरांची खुर्ची.

आधी एक कबुली देतो. मी दाताच्या डॉक्टरांना घाबरतो. वय वर्षं सेहेचाळीस, कराडच्या कॉलेजची इंजिनिअरिंगची पदवी, सिडनीत सॉफ्टवेअरची नोकरी, तरीही घाबरतो. याचं मूळ माझ्या लहानपणात आहे. दहा वर्षांचा असताना माझी एक दाढ काढावी लागली. ती काढणाऱ्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं खरं, पण जागा बधिर होण्याइतका वेळ थांबायला त्यांना सवड नव्हती. बाहेर रांग होती. वडिलांनी माझे हात धरले होते आणि "काही दुखत नाही, काही दुखत नाही" असं ते म्हणत होते. दुखत होतं. दाढ गेली, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

गंमत अशी, की तेच वाक्य मी गेल्या वर्षी माझ्या मुलाला ऐकवलं. आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे, तुमच्याच वर्गात असतात. त्यांच्या दाताला फिलिंग करायचं होतं. गाडीत मी म्हणालो, "अजिबात दुखणार नाही रे, घाबरायचं काय त्यात?" इंजेक्शन टोचलं, थोडं दुखलं, डोळ्यांत पाणी आलं. येताना तो मागच्या सीटवर गप्प बसला होता. घर जवळ आल्यावर म्हणाला, "बाबा, तू खोटं बोललास." मी रेडिओ लावला.

मग माझी पाळी आली. खालच्या डाव्या बाजूची दाढ गरम चहाला कुरकुरू लागली. पहिला महिना मी उजव्या बाजूने खाल्लं. दुसऱ्या महिन्यात आईने साताऱ्याहून फोनवर सांगितल्याप्रमाणे लवंग धरली. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी क्ष-किरण चित्र काढलं आणि सांगितलं, "रूट कॅनॉल करावं लागेल." मी लगेच आपल्यातल्या पुष्कळ मंडळींचा आवडता तोडगा काढला: "डिसेंबरमध्ये भारतात जाणारच आहोत, तिथे करून घेऊ." मेडिकेअरमध्ये मोठ्यांच्या दातांचा खर्च सहसा बसत नाही, त्यामुळे हे कारण घरात शहाणपणाचं वाटलं. आमची सौ. म्हणाली, "दाढेला डिसेंबर कळतो का?"

दाढेला कळत नव्हता. पण मी ठरलेली वेळ दोनदा पुढे ढकलली. एकदा "ऑफिसात रिलीज आहे" म्हणून, आणि दुसऱ्यांदा नुसतंच. आमच्या फ्रिजवर एक कॅलेंडर असतं. त्यावर दोन खाडाखोडी झाल्या होत्या. चिरंजीवांनी त्या पाहिल्या आणि जेवताना विचारलं, "बाबा, तुला भीती वाटते का?"

"छे! काम आहे रे."

तो काही बोलला नाही. नुसतं माझ्याकडे पाहून त्याने वरणभाताचा घास घेतला. मला रेडिओ आठवला.

त्याच आठवड्यात एका रात्री दाढेने हिसका दाखवला. आडवं झालं की ठणका वाढे, उठून बसलं की थोडा कमी होई. रात्री दोन वाजता मी स्वयंपाकघरात बर्फाचं पाणी तोंडात धरून उभा होतो, कारण गार पाण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटत होतं. चिरंजीव पाणी प्यायला आले. तिथे, फ्रिजच्या उजेडात, मी पाण्याची गुळणी टाकली आणि म्हणालो, "हो. मला भीती वाटते. खूप वाटते." मग त्याला माझ्या लहानपणीची गोष्ट सांगितली. आणि त्याच्या फिलिंगच्या वेळी मी जे बोललो ते चुकीचं होतं, हेही सांगितलं.

तो थोडा वेळ विचारात पडला. मग आत जाऊन दप्तरातून आपल्या वर्गाचा कागद घेऊन आला. शंभरपासून शून्यापर्यंत उलटे आकडे, अक्षरी. "हे खूप हार्ड आहे बाबा. हे म्हणताना दुसरं काही थिंक करता येत नाही. तू खुर्चीत म्हण."

सकाळी मी स्वतः फोन करून वेळ घेतली. तिसरी खाडाखोड झाली नाही.

आता बालमित्रांसाठी, आत काय होतं ते क्रमाने सांगतो. मला वाटतं, भीतीचा अर्धा भाग काय होणार हे माहीत नसण्याचा असतो.

दवाखान्यात शिरताच एक वास येतो. मला लहानपणापासून त्या वासानेच पोटात गोळा येई. या वेळी कळलं की तो बराचसा लवंगेचा असतो! लवंगेतलं युजेनॉल नावाचं तेल दाताच्या औषधात वापरतात. म्हणजे आजीच्या डब्यातली वस्तू तिथे आधीच पोचलेली होती.

मी डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मी फार घाबरतो." मला वाटलं होतं त्या हसतील. त्यांनी खुर्ची सरळ केली, माझ्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. डावा हात वर केलात की मी थांबेन. का, ते विचारणार नाही." हे एक वाक्य मला सगळ्या औषधांपेक्षा जास्त लागू पडलं. छत्तीस वर्षांपूर्वी हात धरून ठेवले होते, आज हात मोकळा होता.

मग हिरडीला बधिर करणारं मलम लावलं, थोडं थांबून इंजेक्शन दिलं. त्यात लिडोकेन नावाचं औषध असतं, ते स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं. त्याच्या जोडीला थोडं अ‍ॅड्रेनलिन घालतात. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जागेवर जास्त वेळ टिकतं. डॉक्टर म्हणाल्या, "एक-दोन मिनिटं छातीत धडधडेल. ती तुमची भीती नव्हे, औषध आहे." खरोखर धडधडलं. एरवी मी समजलो असतो की माझा धीर सुटला. या वेळी नुसतं थांबून पाहिलं, आणि ते ओसरलं.

दाढ फार सुजलेली असली की भोवतालची जागा आम्लधर्मी होते आणि बधिर करणारं औषध तिथे नीट चढत नाही. म्हणून डॉक्टरांनी गार कापूस दाढेला लावून पाहिला, मला कळ आली, तेव्हा आणखी एक इंजेक्शन दिलं. दुसऱ्या वेळी काही कळलं नाही. मगच काम सुरू झालं. माझ्या लहानपणी राहून गेलं ते एवढंच: थांबणं आणि विचारणं.

दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, म्हणजे औषध घशात जात नाही आणि लाळ दाढेत जात नाही. ही युक्ती सॅनफर्ड बार्नम या अमेरिकन दंतवैद्याची, १८६४ सालची. दाढेच्या मुळात केसासारख्या नळ्या असतात. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन. त्यांच्यात शिरणाऱ्या बारीक कानशीचं टोक एक दशांश मिलिमीटर इतकं असू शकतं. नळी कुठे संपते हे कळण्यासाठी ओठाला एक आकडा लावून विजेचा रोध मोजतात. टोक जवळ आलं की यंत्र भराभर टिकटिकतं, गाडी मागे घेताना टिकटिकतं ना, तसंच. हे कळल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला आणि घाबरलेला मुलगा जरा बाजूला सरकला.

आणि आता आकडे. शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. दर आकड्याला एक सावकाश श्वास, बाहेर सोडताना जरा लांब. नव्वदीचा उतार सोपा गेला. एकोणनव्वदला अडखळलो. मुलांनो, तुम्हीही तिथेच अडखळता. "एकोण" म्हणजे एक उणे: नव्वदला एक उणे ते एकोणनव्वद. एकोणऐंशी, एकोणसत्तर सगळे तसेच. मग नव्याण्णव तेवढा "एकोणशंभर" का नाही? तोंडात रबर आणि नळी असताना मी याचाच विचार करत होतो. अडुसष्ट आणि अठ्ठावन्न यांत गोंधळलो तेव्हा परत मागे गेलो. एकोणसाठला दाढेत एक चमक आली. मी हात वर केला. डॉक्टर तत्क्षणी थांबल्या, थोडं औषध वाढवलं. पुढे सुरू.

पहिल्या दिवशी मी एकोणतीसपर्यंत पोचलो. तीन आठवड्यांनी दुसरी फेरी झाली. तेव्हा साफ केलेल्या नळ्या भरल्या. भरण्यासाठी गटापर्चा नावाचा झाडाचा चीक वापरतात, तो मलायाकडच्या झाडांचा. याची एक गोष्ट मला फार आवडली. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये ईथरने रोग्याला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया झाली. ती बातमी जहाजाने इथे यायला कित्येक महिने लागले. १८४७ च्या जूनमध्ये सिडनीत जॉन बेलिसारिओ या दंतवैद्याने आणि टास्मानियात लॉन्सेस्टनला विल्यम प्यू या डॉक्टरने ईथर वापरलं. त्याआधी इथे दाढ काढायची म्हणजे शुद्धीवर राहून! पुढे समुद्राच्या तळातून तारा टाकल्या तेव्हा त्यांना पाणी लागू नये म्हणून याच गटापर्चाचं वेष्टन असे. १८७० मध्ये अशी तार मुंबईला पोचली आणि १८७२ मध्ये ऑस्ट्रेलिया डार्विनमार्गे जगाशी जोडला गेला. बातमी महिन्यांऐवजी तासांत येऊ लागली. साताऱ्याच्या आईशी रोज बोलणाऱ्या माणसाच्या दाढेत तोच चीक आहे, हे मला बरं वाटलं.

पहिल्या फेरीनंतर मी बाहेर आलो तेव्हा अर्धा ओठ माझा नव्हता. चिरंजीव बाकावर पाय हलवत बसले होते.

"दुखलं का?"

जुनं वाक्य जिभेवर आलं होतं. पण जीभ बधिर होती, आणि बरंच झालं. मी दोन बोटं वर केली. "दोनदा. एकदा सुई टोचली तेव्हा, आणि एकदा मध्ये. तेव्हा हात वर केला, त्या थांबल्या. बाकी नाही दुखलं."

"किती पर्यंत गेलास?"

"एकोणतीस."

"मी गेल्या वीकला झीरोपर्यंत गेलो," तो म्हणाला आणि माझा बधिर गाल एका बोटाने दाबून पाहिला.

दाढ आता शांत आहे, वरची टोपी बसवायची बाकी आहे. बिल मोठं आलं हे खरं, पण डिसेंबरपर्यंत थांबलो असतो तर दाढ राहिली असती की नाही, कोण जाणे. पालकांना एवढंच सांगतो, ठणका असेल तर विमानाच्या तिकिटाची वाट पाहू नका. आणि गाल सुजला, ताप आला किंवा गिळायला त्रास झाला तर एक रात्रसुद्धा थांबू नका.

पुढच्या महिन्यात चिरंजीवांची तपासणी आहे. फिलिंग निघालं तर मी काय सांगायचं ते आम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे: "थोडं दुखेल. हात वर कर. मी बाहेर बाकावर आहे."

आकडे लिहिण्यात कुठे चूक झाली असेल तर ताईंनी लाल पेनने दुरुस्त करावी. एकोणनव्वद मी तीनदा तपासून लिहिला आहे.