नावातले पिष्ट, हृदयातले प्रथिन

काही आजारांची नावे गैरसमजातून पडतात आणि तशीच टिकून राहतात. अमायलॉइडोसिस हे त्यांपैकीच. १८५४ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी आयोडिनने रंगणारा ऊतकातील एक साठा पाहिला आणि तो पिष्टासारखा मानून त्याला ‘अमायलॉइड’ म्हटले. पाच वर्षांतच ते वस्तुतः प्रथिन असल्याचे दिसून आले. नाव मात्र राहिले.

आमच्या घरी हे नाव आले ते यजमानांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. पायांना सूज, एक जिना चढताच धाप आणि वर्षानुवर्षे सोसलेल्या रक्तदाबाच्या गोळीने आता येणारी भोवळ. ‘वय झाले’, असे भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणे. हृदयाच्या सोनोग्राफीत भिंती जाड दिसल्या. स्नायू जाड असेल, तर ईसीजीतील लहरी सहसा उंच उमटतात. यांच्या बुटक्या होत्या. हृदयरोगतज्ज्ञांनी ती विसंगती हेरली आणि अनपेक्षित प्रश्न केला, “काका, मनगटाची शस्त्रक्रिया झाली होती का?” झाली होती, दोन्ही हातांची, आठ वर्षांपूर्वी, बोटांना येणाऱ्या मुंग्यांसाठी.

ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते. उतारवयात कधी त्याचे घटक सुटे होतात, त्यांची घडी चुकते आणि न विरघळणारे तंतू बनून मनगटात, हृदयात साचतात. हृदय जाड होते, ताठर होते. बळकट होत नाही.

परंतु असेच तंतू अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या सदोष प्रथिनांपासूनही बनतात. त्या प्रकारात केमोथेरपी लागते आणि विलंब जिवावर बेततो. म्हणून प्रथम रक्त व लघवीच्या तपासण्या झाल्या. अहवाल येईपर्यंतचे सहा दिवस आम्ही दोघे केवळ हवापाण्याचे बोलत होतो. अहवाल निर्दोष आले. टेक्नेशियम स्कॅनमध्ये हृदय स्पष्ट उजळले आणि बायॉप्सीविनाच निदान झाले. नुसत्या स्कॅनवर ते करता येत नाही. दोन्ही मिळूनच उत्तर मिळते. एरवी ऊतकाचा तुकडा काँगो रेडने रंगवून ध्रुवित प्रकाशात त्याची सफरचंदी हिरवी झाक पाहावी लागते. पुढे जनुकचाचणीत दोष आढळला नाही, तेव्हा मुलांविषयीची काळजीही मिटली.

आताचे औषध प्रथिनाला स्थिर ठेवते. साचलेले काढून टाकत नाही. हे ऐकून यजमान शांतपणे म्हणाले, “मग बिछाना खाली आणू या.” आम्ही तो तळमजल्यावर आणला. रोज सकाळी वजन नोंदवतो. ते झपाट्याने वाढले, तर अंगात पाणी साठते आहे असे समजून डॉक्टरांना कळवतो.

घरातील ज्येष्ठांना धाप लागत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना जुन्या शस्त्रक्रियांचे कागदही सोबत न्यावेत. हृदयाचे निदान कधी मनगटाच्या कागदावरून सुरू होते.