खारीचे दात आणि तिसरीचा वर्ग



‘माझा आवडता प्राणी’ या निबंधाच्या वह्या आपण सगळेच दरवर्षी तपासतो. कुत्रा हा इमानी प्राणी आहे, तो घराची राखण करतो, त्याला चार पाय व एक शेपूट असते. पस्तीस वह्या, पस्तीस इमानी कुत्रे! यातला एकही कुत्रा कुणाला चावत नाही, मोजे पळवत नाही, की पहाटे पावणेपाचला उठून रडत नाही. मीही अशा निबंधांना ‘छान’ असा शेरा देत आले. पण यंदा जूनमध्ये आमच्या घरी खारी आली आणि कुत्र्याच्या निबंधात काय काय लिहायचं राहून जातं, ते रोज दिसायला लागलं.

आम्ही कोपरला राहतो. वन रूम किचन, माणसं चार. खालून मध्य रेल्वेच्या लोकल आणि वरच्या पुलावरून वसई-दिवा गाडी, त्यामुळे शांतता अशी नसतेच. शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली एक भटकी कुत्री व्याली होती. तिला गाडीनं उडवलं. उरलेल्या पिल्लांपैकी एक माझा मुलगा दप्तराच्या रेनकोटमध्ये गुंडाळून घेऊन आला. रंग अगदी खारी बिस्किटासारखा, म्हणून खारी. सासूबाई म्हणाल्या, “चार माणसांना कूस वळायला जागा नाही, त्यात ही कार्टी!” आज तव्यावरची पहिली पोळी त्या कार्टीची असते, ती गोष्ट वेगळी.

पहिले काही आठवडे कसे गेले ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी मुलांनी पिल्लाचा हट्ट धरला असेल. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही, रात्रीसुद्धा. म्हणजे घरात कुणीतरी उठणार. पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांच्या लशींचे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर, जिथे इतर कुत्री फिरतात तिथे, सोडायचं नसतं. म्हणजे त्याची सगळी मस्ती आपल्या दोन खोल्यांत. संध्याकाळी सात वाजले की खारीच्या अंगात वारं शिरायचं. कान मागे, शेपूट खाली, आणि ओट्यापासून दारापर्यंत वीस-पंचवीस चकरा. मग धपकन पडून झोप. गायीचं दूध प्रेमानं पाजलं तर बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं. कांदा, चॉकलेट, द्राक्षं तर कुत्र्यांना विषच.

आणि दात. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, सुईसारखे. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के बेचाळीस येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते दिसेल ते चावतं. शिवाय पिल्लं आपापसात खेळतात तीही तोंडानंच, त्यांना हात कुठेत? आपण “नको, नको” म्हणत हात मागे ओढला की त्याला वाटतं खेळ रंगात आला. आमच्याकडे लागू पडलेला उपाय साधा होता. दात लागले की खेळ तिथेच बंद, सगळ्यांनी पाठ फिरवायची, बोलायचं नाही. अर्ध्या मिनिटानं पुन्हा खेळ. सोबत फ्रीजमध्ये ठेवलेलं गाजर किंवा पीळ मारून गार केलेलं फडकं चघळायला. पण हे घरातल्या चौघांनी सारखंच करावं लागतं. एकानं पाठ फिरवायची आणि दुसऱ्यानं हसून हात पुढे करायचा, असं झालं की पिल्लू काहीच शिकत नाही. पहिलीचा वर्ग सांभाळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. दमलेलं, झोप न झालेलं पिल्लू जास्त चावतं, हेही तसंच. त्याला दिवसातले सोळा-अठरा तास झोप लागते.

पहिल्याच आठवड्यात तिचा दात माझ्या अंगठ्यात रुतला आणि रक्त आलं. रस्त्यावरचं पिल्लू, आईला लस नाही, पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांच्या आसपास देतात, म्हणजे तिलाही अजून नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुतली आणि दवाखान्यात जाऊन लस सुरू केली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी अंगठ्याची पट्टी पाहिली. “बाई, आता तुम्हाला पोटात चौदा इंजेक्शनं?” अर्धा वर्ग डोळे मोठे करून बघत होता. तिसरीची मुलं. ही माहिती त्यांना कुठून? घरून. आपल्या आईवडिलांच्या काळी पोटातली ती इंजेक्शनं खरीच होती, पण ती जुनी लस भारतात २००४ नंतर बंद झाली. आता लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यात बहुधा त्वचेत देतात, त्या दिवसापासून मोजून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर १४ व्या दिवशी आणखी एक, म्हणजे पाच. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेतच आणखी एक औषध द्यावं लागतं, ते डॉक्टर बघून ठरवतात. मी मुलांना दंड दाखवला. मुंगी चावल्यासारखं वाटतं, म्हटलं.

मधल्या सुट्टीत एक मुलगा टेबलाजवळ घुटमळत राहिला. डबाही उघडला नव्हता. शेवटी त्यानं विजार वर करून पोटरी दाखवली. तीन ओरखडे, एकावर खपली. चार दिवसांपूर्वी गल्लीतल्या पिल्लाशी खेळताना लागलेले. घरी सांगितलं नव्हतं, कारण आजीनं बजावून ठेवलेलं, कुत्र्याच्या वाटेला गेलास तर पोटात चौदा सुया!

मी त्याच्या आईला फोन केला. ती कामावरून तशीच आली आणि दोघं पालिकेच्या दवाखान्यात गेली. चारही डोस पूर्ण झाले, प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी तो दंड दाखवायचा. ते पिल्लू बहुधा निरोगीच असेल. पण रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणं यायला आठवडे, कधी महिनेही जातात. नख लागलं तरी, पिल्लू असलं तरी, दाखवायला जायचंच. पालकहो, मुलाला कुत्र्याची भीती घालताना त्याला दवाखान्याचीही भीती आपणच घालत असतो. मग ते ओरखडा लपवतं. रागवायचं असेल तर लस घेऊन झाल्यावर रागवा.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. त्या सुमारास मी वर्गात जोसेफ माइस्टरची गोष्ट सांगितली. पिसाळलेला कुत्रा चावलेला हा नऊ वर्षांचा मुलगा. ६ जुलै १८८५ रोजी पाश्चर यांनी त्याच्यावर लशीचा उपचार सुरू केला आणि तो वाचला. “बाई, आमच्यापेक्षा एकच वर्षानं मोठा?” एवढं ऐकल्यावर पुढचं विज्ञान ऐकायला वर्ग तयार होता.

निबंधाचा विषयही बदलला. ‘मी पाहिलेला कुत्रा’. अट एकच, लांबून किंवा खिडकीतून दहा मिनिटं बघायचं, हात लावायचा नाही. एकानं लिहिलं, ‘आमच्या गल्लीतला कुत्रा रिक्षाच्या मागे धावतो, पण रिक्षा थांबली की लाजतो.’ एकीनं लिहिलं, ‘त्याचा एक कान टोकाला कापलेला आहे.’ म्हणजे त्याची नसबंदी झाली आहे, ही ती खूण. त्यावर वर्गात वीस मिनिटं बोलणं झालं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, पण दोन वह्या सारख्या नव्हत्या. याच वह्यांपैकी एकीचा कोपरा खारीनं खाल्ला. ‘कुत्र्यानं वही खाल्ली’ हे मुलांचं कारण बाईंनीच वर्गाला सांगितलं, तेव्हा जो हशा पिकला!

आता खारी सात महिन्यांची आहे. माझा मुलगा मोठ्यानं वाचायचा कंटाळा करायचा, तो हल्ली तिच्यासमोर बसून धडा वाचतो. ती चुका काढत नाही, फार तर पान चाटते. जिन्यावरची पावलं तिला ओळखू येतात, नवऱ्याच्या पावलांना ती दाराशी जाते आणि माझ्या पावलांना भांड्याशी. दिवाळीत फटाक्यांना घाबरून ती चार रात्री पलंगाखाली होती आणि तिच्याबरोबर सासूबाई खाली चटई टाकून.

पुढच्या महिन्यात तिची नसबंदी करून घ्यायची आहे. टाके चाटू नये म्हणून दहा दिवस गळ्यात कॉलर घालावी लागणार. त्या दहा दिवसांत घरी कोणी थांबायचं, यावर आमच्याकडे सध्या रोज रात्री बैठक बसते. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शनिवारची दुपार धरली आहे.