घोजाडांग्याला अडकलेली गाडी

निफाड तालुक्यात माझं छोटं कांद्याचं खळं आहे. २०२० च्या सप्टेंबरात मी बांगलादेशासाठी एक गाडी भरली. लासलगावला घेतलेला उन्हाळ कांदा, पन्नास किलोच्या ४०० गोण्या. आधीची निर्यातबंदी मार्चमध्येच उठली होती, म्हणून मी निर्धास्त होतो. एजंट म्हणाला, कस्टमचं शिपिंग बिल गाडी पोचल्यावर भरू. मी हो म्हटलं. चूक तिथेच झाली.

१४ तारखेला दुपारी गाडी सीमेवर घोजाडांग्याच्या रांगेत लागली. पलीकडे भोमरा, म्हणजे बांगलादेश. त्याच दिवशी गाड्या सोडणं थांबलं आणि बंदीचा आदेश निघाला.

"दोन दिवस थांबा, सुटतील," एजंट म्हणाला. थांबलो. पार्किंगचं भाडं रोजचं, गाडीचं हॉल्टिंग वेगळं. तिकडे दमट उकाडा, मधूनच पाऊस. पावसात ताडपत्री टाकावीच लागायची आणि टाकली की आत वाफ धरायची. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, "भाऊ, खालच्या गोण्यांतून पाणी झिरपतंय. वास सुटलाय." त्याने फोटो पाठवला. फळ्यांच्या फटीतून तपकिरी पाणी टायरवर उतरलं होतं. तो फोटो मी घरात कुणाला दाखवला नाही.

पुढे कळलं, ज्यांची कस्टमची कागदपत्रं बंदीआधी झाली होती, त्यांच्याच गाड्या सुटणार. माझं तर बिलच भरलेलं नव्हतं. त्याच रात्री गाडी मागे फिरवून कोलकात्याच्या पोस्ता बाजारात नेली. तिथल्या आडत्याने लगेच मजूर लावून गोण्या फोडल्या, ओला माल वेगळा काढला. ११० गोण्या फेकल्या. बाकीचा मिळेल त्या भावाने गेला. माझ्या ओळखीचा एक जण आणखी आठवडाभर थांबला, त्याच्या हाती काहीच लागलं नाही. शेतकऱ्यांचे पैसे मी लिलावाच्याच दिवशी चुकते केले होते, तेवढं बरं झालं. घरी तोट्याचा आकडा निम्माच सांगितला.

आता हॉल्टिंग कोण देणार, ते गाडी भरण्याआधी लिहून घेतो. लासलगावचा भाव झपाट्याने चढायला लागला की सीमेकडे गाडी पाठवत नाही. अशा वेळीच बंदी येते, हे दोनदा पाहिलंय.

२०२१ च्या जानेवारीत निर्यात खुली झाली आणि पलीकडच्या व्यापाऱ्याचा फोन आला. बंदीत तिकडेही भाव भडकले होते, त्याचंही गिऱ्हाईक तुटलं होतं. मी गाडी भरली. या वेळी ती रायपूर ओलांडायच्या आत बिल भरून घेतलं.