यंत्राची तिथी

माणसाच्या डोक्यात नवा विचार घातला तर जुन्या आठवणी जागच्या जागी राहतात. पुष्कळदा त्या नव्या विचाराला आत शिरूच देत नाहीत, हा भाग वेगळा! यंत्राचे तसे नाही. त्याला नवी बुद्धी द्यायची तर आधी काही मिनिटे बेशुद्ध करावे लागते, आणि ते पुन्हा शुद्धीवर येईलच अशी हमी कोणी देत नाही. रेवसच्या किनाऱ्यावर हे काम करायला बसलो की मला शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर घुटमळणाऱ्या नातेवाइकांची आठवण होते. फरक इतकाच, की येथे नातेवाईक खोलीतच असतात आणि सल्लेही देतात.

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने मासेमारी बंद. रेवस-बोडणीच्या नावा तेव्हा किनाऱ्यावर विसावलेल्या असतात. जाळी शिवणे, रंग काढणे, इंजिन खोलणे ही या दिवसांतली जुनी कामे. त्यांत आता एका कामाची भर पडली आहे. तांडेलाच्या केबिनमध्ये जीपीएसचा पडदा असतो, तळाची खोली आणि मासळी दाखवणारे यंत्र असते, व्हीएचएफ रेडिओ असतो. मोबाइलची हद्द संपल्यावरही उपग्रहामार्फत निरोप देणारा इस्रोचा ट्रान्सपाँडर नावांवर बसवण्याची योजना २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला सुरू झाली. ही सारी यंत्रे पावसाळ्यात तपासून घ्यायची.

कोणाला ही चैन वाटेल. पण रेवसच्या माणसाला तसे वाटत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेतच कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई इतकी जवळ, आणि तिला बातमी कळायला दिवस कलायला लागला. मासळी घेऊन निघालेल्या इकडच्या कोळ्यांनी बुडणाऱ्यांतले कित्येक जण आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्या किनाऱ्यावर बसून यंत्राचा स्क्रू पिळताना हात आपोआप जरा जपून चालतो.

स्क्रूवरून आठवले. यंत्र नीट ‘बसवणे’ ही निम्मी विद्या आहे. साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या वाऱ्यात दिवाळीपर्यंत गंजून जातो. वायर वरून थेट यंत्रात नेली तर पावसाचे पाणी तिच्या अंगावरून ओघळत सरळ आत शिरते. म्हणून आत जाण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब झोळाच्या टोकाशी गळून पडतो. अँटेनाला उघडे आकाश हवे. आणि होकायंत्राशेजारी लाउडस्पीकर कधी लावू नये. स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असते. एका नावेवर एकवीरा आईची गाणी इतकी होकायंत्राला चिकटून वाजत होती, की सुई भक्तिभावाने तिकडेच वळून बसली होती! देवीला केबिनच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवायला मला अर्धा तास मनधरणी करावी लागली.

पण खरी कसोटी फर्मवेअरची. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटात कोरून ठेवलेली आज्ञावली. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी ६ जानेवारी १९८० पासून आहे, आणि त्या आकड्याला जागा दहाच अंशांची. म्हणजे १०२३ पर्यंत मोजून झाले की पुन्हा शून्य. असे शून्य १९९९ च्या ऑगस्टमध्ये आले, नंतर ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आले. पुढचे २०३८ च्या नोव्हेंबरात येईल. आज्ञावली जुनी असेल तर यंत्र जागा बहुधा बरोबर दाखवते, पण तारीख जवळजवळ वीस वर्षे मागची सांगते. तारीख चुकली की तिच्यावर बेतलेले भरती-ओहोटीचे कोष्टक चुकते, आणि रेवसला, जिथे ओहोटीच्या वेळी धक्क्यापाशी गाळ वर येतो, ते कोष्टक चुकून चालत नाही.

अशाच एका जुन्या यंत्रासाठी एका नाखवांनी मला बोलावले होते. पडद्यावरची तारीख पाहून ते म्हणाले, “मास्तर, ह्याची तिथी चुकलेली हाय.” मला तो शब्द फार आवडला. कोळ्याची तिथीही पंधरा दिवसांनी पुन्हा एकावर येते, पण तिचा घोटाळा होत नाही, कारण वर चंद्र असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्या हिशेबाला ना वीज लागते ना नवी आज्ञावली.

मी पेटी उघडणार, तोच नाखवांनी माझा हात धरला. “माजे बापासच्या जागा हान त्यान. त्या गेल्या तं मी आंधला.” मासळी कुठे लागते, कुठल्या खडकावर जाळे फाटते, अशा चारशेच्या वर जागा त्या यंत्रात साठवलेल्या होत्या. वडील कनकेश्वराचा डोंगर आणि खांदेरीचा दिवा यांच्या मेळाने त्या जागा ओळखत. मुलाने त्यांच्यासोबत फिरून एकेक जागा यंत्रात टिपली होती. आता वडील नव्हते. आदल्याच वर्षी शेजारच्या नावेवर कोणी कारागिराने घाईने आज्ञावली बदलली होती, आणि त्या नावेच्या साऱ्या जागा पुसून गेल्या होत्या.

तेव्हा आधी जागा कार्डावर उतरवल्या. नाखवांचा कार्डावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांच्या मुलीने शाळेच्या वहीत सगळे अक्षांश-रेखांश लिहून काढले. दोन दिवस लागले. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे १८५२ मीटर. मिनिटाच्या दशांशाचे दुसरे स्थान एकाने चुकले तर साडेअठरा मीटरांची चूक, म्हणजे खडक आणि जाळे यांची गाठ! मुलीने प्रत्येक आकडा मोठ्याने वाचला, बापाने पडद्याशी ताडून पाहिला. मधेच एखाद्या आकड्याला थांबून तो म्हणे, “हिते बापूस मना पैल्यांदा सुकाणूवर बसवलान.” मुलगी तेही समासात लिहून ठेवी.

मग इंजिनची बॅटरी सोडवून दुसरी, पूर्ण भरलेली बॅटरी जोडली. इंजिन सुरू होताना विजेचा दाब एकदम खाली येतो, आणि आज्ञावली लिहिली जात असताना वीज गेली तर यंत्राची वीट होते. आमच्या धंद्यातला हा शब्द. पुंडलिकाच्या विटेवर निदान देव उभा राहिला, ही वीट नुसती कोनाड्यात पडून राहते. यंत्राच्या नमुन्याचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला. नाखवांनी नारळ फोडला. खलाशांना मी ‘कोणी काही हात लावू नका’ असे बजावले, त्यामुळे सगळे हात मागे बांधून उभे राहिले.

पडद्यावर पट्टी सरकू लागली. अकरा मिनिटे कोणी बोलले नाही. मग पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. मुलीने वही छातीशी धरली होती.

पडदा उजळला. तारीख बरोबर होती. जागांची यादी मात्र कोरी निघाली. कार्ड घातले, तसे सगळे ठिपके एकामागून एक उमटले. नाखवांनी वहीतल्या दहा-बारा जागा काढून पडद्याशी पडताळल्या, कोष्टकात त्या दिवसाची भरती पाहिली, बोटांवर तिथीची पाऊणपट केली, आणि दोन्हींत पावच तासाचा फरक निघाल्यावर म्हणाले, “चालंल.” पावणेपाच वाजता भरती आली, तेव्हा आम्ही चहा पीत होतो आणि मुलगी वहीला प्लॅस्टिकचे वेष्टन घालत होती.