पदरचे पैसे

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण शिकवताना, अनुभवाशिवाय खर्चाचा अंदाज येत नाही एवढाच तिचा अर्थ मी सांगत आलो. गेल्या वर्षी माझ्या दोन तरुण सहकाऱ्यांनी रत्नागिरीत एकाच इमारतीत घर घ्यायचे ठरवले. त्यांची कर्जाची गणिते शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा या म्हणीत एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे असे वाटले. तेच घर सर्वांना सारख्या किमतीत पडत नाही.

कोकणातली जुनी घरे पुष्कळदा टप्प्याटप्प्याने उभी राहत. एका वर्षी जोते, मग आंब्याचे किंवा मुंबईच्या मनिऑर्डरींचे पैसे साठले की चिऱ्याच्या भिंती, त्यानंतर कौले. आता आपण आधी राहायला जातो आणि पैसे मागाहून फेडतो. या उलट्या क्रमाचे मोल म्हणजे व्याज. पदरचे जेवढे पैसे सुरुवातीला भरावेत, तेवढ्या भागापुरता जुना क्रम शाबूत राहतो.

दोन्ही घरांची किंमत तीस लाख. एकाच्या घरची बाग होती. त्याने ९ लाख भरले. दुसऱ्याची उमेदीची वर्षे तासिका तत्त्वावर शिकवण्यात गेलेली. त्याच्याकडे ३ लाख होते. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर पहिल्याचा मासिक हप्ता सुमारे १८,२०० रुपये येतो, दुसऱ्याचा २३,४००. एकूण व्याज पहिल्याला पावणेतेवीस लाखांच्या आसपास, दुसऱ्याला सव्वाएकोणतीस लाखांच्या. आरंभी सहा लाख कमी होते, म्हणून साडेसहा लाख व्याज जास्त.

शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच मिळू शकते. कर्ज त्याहून मोठे असेल तर ८०, आणि पंचाहत्तर लाखांपुढे ७५ टक्के. कर्जाचे हे प्रमाण चढे असले की जोखीम वाढते, म्हणून काही बँका व्याजदरही थोडा चढा लावतात. २०१२ पासून मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सर्वसाधारणपणे घराच्या किमतीत धरता येत नाही. साधारण सहा टक्के शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी, म्हणजे आणखी दोन लाखांवर रक्कम रोख उभी करावी लागते. तीन लाखांत घर घेऊ पाहणाऱ्याला प्रत्यक्षात पाच लाख लागतात.

मग होते नव्हते ते सगळे आधीच ओतावे काय? मला तसे वाटत नाही. आजारपण किंवा रखडलेला पगार हप्त्यासाठी थांबत नाही. सहा महिन्यांचे हप्ते हाताशी असलेले बरे. बदलत्या दराचे वैयक्तिक गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला २०१२ पासून दंड घेता येत नाही. म्हणून थकबाकीची किंवा एखादी जास्तीची रक्कम हाती येताच मुद्दलात भरावी आणि हप्ता कमी करून न घेता मुदत कमी करून घ्यावी. पहिल्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, त्यामुळे तेव्हा भरलेला रुपया सर्वाधिक व्याज वाचवतो.

दुसऱ्या सहकाऱ्याला मी हेच सांगितले. पण या सल्ल्याची मर्यादाही मला दिसते. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडूनच अधिक घेणारे हे गणित काटकसरीने थोडे सौम्य होते, न्याय्य होत नाही. तासिकेवर गेलेल्या वर्षांचे व्याज तो अजून वीस वर्षे भरत राहील.